आमची इहीर कदी आटली नाय

लोक फोनवर मला पहिला प्रश्न विचारतात तो हा: "मॅडम, नारळ तुम्ही आणणार की आम्ही आणून ठेवू?"

आमच्या भागात बोअर मारायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटवर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो आणि दक्षिणा घेऊन जातो. भूजलशास्त्रात पीएचडी केलेल्या बाईला कोणी त्या नारळाबद्दल विचारलं की तिच्या डोक्यात तिडीक जाते. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की बाबांनो, खाली काळा पाषाण आहे, पाणी असलंच तर त्याच्या भेगांत असतं, आणि भेग शोधायला जमिनीत वीज सोडून मोजावं लागतं. पालथ्या घड्यावर पाणी! आता मी सांगते, "आणा नारळ, संध्याकाळी चटणी करीन." निम्मे जण तिथेच फोन ठेवतात. ठेवू देत.

माझं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प पाचात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की माझं यंत्र वर न्यायचं तर माणसाला आडवं होऊन चढावं लागतं. समोर जीन्स शिवायचे कारखाने, दिवसभर मशिनींची घरघर. मालक सिंधी, स्वभावाने बरा. माझा फोनवरचा आवाज खाली ऐकू गेला की तो जिन्यातून ओरडतो, "साईं, थोडा प्यार से! कस्टमर है, दुश्मन नहीं!" त्याला काय माहीत? माझे बरेचसे कस्टमर दुश्मनच असतात, फक्त आधी चहा पाजतात.

त्याआधी मी कॉलेजात शिकवत होते, तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्यांना माहीत नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली तर घरी बसा, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. मुलाखत घ्यायला समोर कोण, तर आमचेच विभागप्रमुख. वर्षभर ज्यांच्यासोबत चहा प्यायले ते सर चष्मा सावरत विचारायचे, "आपला अनुभव काय?" सरांच्या शोधनिबंधांसाठी विहिरी मी मोजल्या, पाण्याचे नमुने मी भरले, नकाशे मी काढले. निबंधाच्या शेवटी आभारात माझं नाव यायचं, तेही माहेरचं आडनाव लावून, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. एकदा तपासणी समिती येणार होती तेव्हा सरांनी मला दारात रांगोळी काढायला बसवलं. मी जमिनीच्या थरांचा छेद काढला, वर माती, मग मुरूम, मग पाषाण, मधोमध विहीर. सर म्हणाले, "छान आहे, पण काहीतरी मंगल काढा ना." मग विहीर पुसून मी कमळ काढलं. विद्यार्थी उभे राहून बघत होते.

कायम स्वरूपाची एक जागा अखेर निघाली आणि दुसऱ्याला गेली. सर समजूत घालायला आले. म्हणाले, "तुम्हाला कसली एवढी गरज? मिस्टर आहेत ना कमवायला."

मी म्हणाले, "सर, तुमच्या मिसेस बँकेत आहेत. मग तुम्ही कधी देताय राजीनामा?"

स्टाफरूममध्ये कोणाचा तरी चमचा बशीत पडला. पुढच्या जूनमध्ये मी मुलाखतीला गेले नाही. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीण होतीस तर लोक मान द्यायचे, आता बोअरवाली म्हणतील." म्हणतातच. माझी काही हरकत नाही, बोअरवालीला दरवर्षी कोणी अनुभव विचारत नाही.

आता ज्या कामाचं सांगायचंय ते बदलापूर गावातलं. गावात माझ्या काकांचं घर आहे. माझे वडील तरुणपणीच अंबरनाथच्या कारखान्यात लागले आणि तिकडचेच झाले. जमीन आणि विहीर काकांच्या वाट्याला राहिली. जमीन हळूहळू गेली, विहीर राहिली. दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या, चार घरांना पुरून उरेल एवढं पाणी. माझ्या आयुष्यातली पहिली विहीर ती. शिकत असताना प्रबंधासाठी मी दर महिन्याला तिथे टेप सोडून पाणी मोजायचे, बाटलीत नमुना घ्यायचे. काका कठड्यावर बसून हसायचे. "काय गो, इहिरीला ताप आलाय काय?" त्या विहिरीच्या पाण्यात क्षार किती, उन्हाळ्यात ते किती उतरतं, हे मला तोंडपाठ आहे. स्वतःचा रक्तदाब मला इतका पाठ नाही.

त्या विहिरीला लागून एका बिल्डरने प्लॉट घेतला. मोठा गृहप्रकल्प, पाच टॉवर, खाली स्विमिंग पूल. नळाचं पाणी पुरणार नव्हतं म्हणून त्याने खोल बोअरी मारल्या. त्या वापरायच्या तर शेजारच्या विहिरींना धक्का लागत नाही असा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तो माझ्याकडे आला. मी काम का घेतलं? मला ठाऊक होतं की त्या बोअरी आणि काकांची विहीर एकाच भेगेवर बसल्यात. दुसऱ्या कोणी अहवाल दिला तर विहीर मेली. मी मोजलं तर निदान खरं कागदावर येईल, बोअरी बंद ठेवाव्या लागतील, विहीर वाचेल. एवढा एकच विचार होता. बिल्डरला मी तोंडावर सांगितलं, "जे येईल ते लिहीन." तो म्हणाला, "अहो मॅडम, तुम्ही तर घरच्याच." गावातलं कोणी ओरडलं तर मी नातेवाईक म्हणून मिटवीन, असा त्याचा हिशेब. आणि काकांना वाटलं, पुतणी आहे म्हणजे आपल्या बाजूचंच बोलणार. दोन्हीकडून मी घरची!

चाचणी सोपी असते. बिल्डरच्या बोअरी दिवसभर चालू ठेवायच्या आणि विहिरीचं पाणी उतरतंय का ते टेप सोडून ठरावीक वेळाने मोजत राहायचं. भर वैशाख मी मुद्दाम निवडला, कारण उन्हाळ्यात विहीर खोटं बोलत नाही. सकाळी पंप सुरू झाले आणि पाणी उतरायला लागलं. मी मोजते आणि उतरलेलं, मोजते आणि आणखी उतरलेलं. दुपारपर्यंत खालची एक पायरी, जी मी कधी पाहिली नव्हती, ती उघडी पडली. तिच्यावरचं शेवाळ अजून ओलं होतं. मला वाईटही वाटत होतं आणि आतून बरंही वाटत होतं, कारण यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळत नसतो.

काका दोनदा येऊन विहिरीत डोकावून गेले. मग काकी आली. "चल, जेव गो. उनात काय बसलीस?"

मी म्हणाले नंतर. ती ऐकेना. घरात गेले तर तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वांग्याचं कालवण, वर आंबा. भाकरी संपली की दुसरी ताटात. नको म्हटलं की "शेरातल्या बाया काय खातंच नाय." मग आंबा पिळून दिला. मग चुलतभावाच्या लग्नाची गोष्ट काढली, स्थळ कुठलं, मुलगी काय शिकलीय. मी उठायला लागले की काकी माझा हात धरून बसवायची. मला कौतुक वाटलं हो! आई गेल्यापासून इतक्या आग्रहाने मला कोणी वाढलं नव्हतं.

जेवून विहिरीवर आले, टेप सोडली आणि पाणी वर आलेलं. थोडंथोडकं नाही, सकाळी होतं त्याच्याही वर. पलीकडे बोअरींचे पंप धडधडत होते. पंप चालू असताना शेजारची विहीर भरत नसते, हे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी बादली सोडून पाणी काढलं आणि नाकाशी नेलं. क्लोरीनचा वास. नळाच्या पाण्याला येतो तसाच, उग्र. घराच्या बाजूने मातीत टँकरच्या चाकांचे ताजे ओले चर उमटलेले होते.

मी काकांना गाठलं. "टँकर ओतला?"

"कसला टँकर?"

"काका, मला वास येतोय. चर दिसतायत. मला जेवायला घालून तुम्ही मागून टँकर ओतलात!"

चुलतभाऊ मध्ये पडला. "ताई, आवाज खाली. आता पाव्हनं येनार हायेत."

तेव्हा मला कळलं. मुलीकडची माणसं त्या संध्याकाळी घर बघायला येणार होती. आमच्या काकांकडे रीत अशी, की घर बघायला आलेला पाहुणा आधी विहिरीवर जातो. मुलीचा बाप स्वतः बादली सोडतो, पाणी वर काढतो, चूळ भरतो, दोन घोट पितो आणि मगच ओटीवर बसतो. काकांचं लग्न तसंच ठरलं, माझ्या आत्यांना देताना आजोबांनी तसंच पाहिलं. आणि नेमक्या त्याच दिवशी मी विहीर उतरवायला बसले होते.

काका म्हणाले, "आटलेले इहिरीचे घरात पोरगी कोन देल?"

मी डोक्याला हात लावला. म्हणाले, "काका, आज ती आटलेली दिसायला हवी! आज दिसली तर ती कायमची वाचते. बिल्डरला फक्त एवढं सांगा की टँकर ओतला. मी चाचणी परत घेईन, पाहुणे गेल्यावर घेईन, तुम्ही म्हणाल तेव्हा घेईन. पण एवढं एक वाक्य बोला."

तेवढ्यात बिल्डर स्वतःच आला, पांढरी गाडी, हातात दोन फोन. मी त्याच्यासमोर काकांना पुन्हा विचारलं. माझे काका ताठ उभे राहिले, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाले, "आमची इहीर कदी आटली नाय. आज बी आटली नाय. ही पोर काय बोलतेय मना कलत नाय."

बिल्डर हसला. त्याला हसू आवरेना. म्हणाला, "बघा मॅडम, मालक काय म्हणतायत. लिहा की पाणी वर आलं."

कोर्टात माणसं शत्रूविरुद्ध खोटी साक्ष देतात हे ऐकलं होतं. स्वतःच्या विहिरीविरुद्ध खोटी साक्ष देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माझ्या बापाचा सख्खा भाऊ निघाला. मी टेप गुंडाळली. काकीकडे बघितलंही नाही. तो आंबा मला आजही पचलेला नाही.

संध्याकाळी पाहुणे आले असणार, बापाने बादली सोडली असणार, क्लोरीनचं पाणी प्यायला असणार. लग्न ठरलं.

मी अहवाल लिहिला तो जसा घडलं तसाच. सकाळभर पाणी उतरलं, दुपारी बाहेरून पाणी ओतलं गेलं, चाचणी पुन्हा घ्यावी. बिल्डरने तो वाचून माझ्यासमोर टेबलाच्या खणात टाकला. म्हणाला, "तुमचे पैसे देतो, पण हे नको." मी एक प्रत सरकारी कचेरीत नेऊन दिली. तिथला साहेब भला होता, त्याने वाचली. म्हणाला, "मॅडम, विहिरीच्या मालकाची तक्रार आणा. एक सही आणा, मी लगेच थांबवतो. मालकच म्हणतो त्रास नाही, तर मी कुणासाठी थांबवू?"

त्या एका सहीसाठी मी काकांच्या घरी किती खेटे घातले ते माझं मला ठाऊक. एकदा लग्न तोंडावर होतं. एकदा लग्न नुकतंच झालं होतं आणि सून घरात होती. एकदा काका म्हणाले, "कागदावर लिवला का इहीर आटली, तं गावभर होते. मग माजी किंमत काय ऱ्हाली?" मी म्हणाले, "पाणीच राहिलं नाही तर किंमत घेऊन काय लोणचं घालायचंय?" काकी रडायला लागली. चुलतभावाने मला दारापर्यंत सोडलं आणि सांगितलं, ताई, आता या विषयावर नको येऊस, बाकी घर तुझंच आहे.

बिल्डरला दुसरा अहवाल हवा होता. तो कोणी दिला? आमच्या सरांनी. नोकरी सांभाळून तेही सल्ला देतात, आणि त्यांच्या लेटरहेडला जे वजन आहे ते माझ्या कॅम्प पाचातल्या पत्त्याला नाही. सरांनी चाचणी घेतली श्रावणात. विहीर काठोकाठ, ओढे भरलेले, भिंतींतून पाणी पाझरतंय. श्रावणात विहीर मोजायला अक्कल लागत नाही, छत्री लागते. निष्कर्ष निघाला की कोणताही विपरीत परिणाम नाही. वर अहवालात विहिरीचे जुने आकडे जोडलेले होते, माझ्या प्रबंधातले. या वेळी आभारातही नाव नव्हतं. मी सरांना फोन केला आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालून मालक "साईं, साईं" करत जिना चढून वर आला, मला पाणी दिलं आणि पंखा मोठा केला.

टॉवर उभे राहिले. लोक राहायला आले. पहिल्या उन्हाळ्यात ती शेवाळाची पायरी उघडी पडली, दुसऱ्या उन्हाळ्यात तळ. हे मला चुलतभावाकडून कळलं, तेही त्याने सांगितलं नाही, त्याच्या मोबाइलवरच्या फोटोत मागे दिसलं. आता बोलून काय, तेलही गेलं, तूपही गेलं.

मग त्यांच्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण आलं. जाणार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "भांडण विहिरीशी आहे, पोराशी नाही." रिक्षाने निघाले. गावात शिरताना त्या प्रकल्पाच्या मागच्या गेटजवळ रिक्षा अडकली, कारण समोर टँकर आडवा. गेटच्या आतून जाड पाइप बाहेर आला होता आणि टँकर भरत होता. बोअरींना पाणी मुबलक, तर सोसायटीचा माणूस वरकमाई करतोय, रिक्षावाल्याने सांगितलं. मी चरफडत बसले. टँकर भरला, हलला, आमच्या पुढे पुढे गावात चालला. ज्या बोळात तो वळला त्याच बोळात आम्हीही वळलो. आणि तो काकांच्या अंगणात जाऊन थांबला.

मंडप घातला होता. बायका आत पाळणा सजवत होत्या. चुलतभावाने टँकरचा पाइप ओढून विहिरीत सोडला. सगळं सरावाने, न बोलता. व्याही यायच्या आत विहीर दिसण्यापुरती भरायला हवी होती. माझ्या पर्समध्ये क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर नेहमी असतं. मी टँकरच्या पाइपातून तांब्याभर पाणी घेऊन त्यात ते बुडवलं. एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलंय. पण तो आकडा मला तोंडपाठ होता, आणि या वेळी क्लोरीनचा वास नव्हता.

व्याही आले. मुलीचा बाप सरळ विहिरीवर गेला, बादली सोडली, चूळ भरली, दोन घोट प्यायला. मिशा पुसत म्हणाला, "कायबी म्हना, तुमचे इहिरीचा पानी म्हंजे अमृत." काका हसून मान डोलवत होते. त्यांचे गाल आत गेलेले होते.

माझ्याच्याने राहवेना. मी काकांच्या कानाशी गेले. हळू आवाजात बोलायचा प्रयत्न केला. "काका, हे पाणी कुठलं आहे माहितीय? हे आपलंच आहे. आपल्या विहिरीतलं ओढून तेच तुम्हाला विकतायत."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते व्याह्याकडे बघून हसतच राहिले.

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "पैले टँकरलाच चवीवरून कल्ला. पाव्हनं जाव दे, मंग बोल."

मग त्यांनी माझ्या हातातला तांब्या भरून माझ्याकडेच दिला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पी गो पोरी. तुजीच इहीर हाय."

व्याही बघत होता. मी प्यायले. पाणी लहानपणी होतं तसंच गोड होतं, आणि त्या गोडीचाच मला सगळ्यात जास्त राग आला.